तेल डोक्याला की केसांना? कोरड्या, तुटक्या केसांसाठी माक्याचं तेल कढवण्यापासून पारखण्यापर्यंत

आपण मराठीत "डोक्याला तेल लावलं" असं म्हणतो आणि खरोखर तेच करतो. टाळूवर तेल थापायचं, बोटांनी चोळायचं आणि तळहाताला जे उरेल ते वेणीवरून पुसून टाकायचं. मीही वीस-पंचवीस वर्षं तेच केलं. टाळू माझी आधीच तेलकट. कोरडा, राठ, खराट्यासारखा झालेला भाग होता खालचा हातभर, आणि तेल मात्र सगळं वर.

तीन वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्ताने मी पार्लरमध्ये केस आधी रंगवून आणि मग सरळ करून घेतले. दोन्ही एकाच महिन्यात. त्यात आमच्या सोसायटीत उन्हाळाभर बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी. दोन महिन्यांत केसांची अशी गत झाली की रबर काढताना कटकन आवाज यायचा. गुहागरच्या आत्याने तेव्हा माक्याच्या तेलाची बाटली पाठवली. ती संपल्यावर मी तिच्याकडून तेल कढवायला शिकले. ते करताना काय चुकलं, काय जमलं आणि या तेलाकडून नेमकी किती अपेक्षा ठेवावी, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आधी केस नीट बघा

केसाचा जिवंत भाग त्वचेच्या आत, मुळाशी असतो. बाहेर दिसतो तो केस नखासारखा, मेलेला. नखाला चीर गेली तर ती सांधत नाही. नख वाढतं, चीर पुढे सरकते आणि शेवटी कापली जाते. केसाचंही तसंच. केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे 40 सेंटिमीटर लांब केसाचं टोक जवळपास तीन वर्षांचं असतं. तीन वर्षांचं ऊन, घाम, फणी आणि ड्रायर त्याने सोसलेले असतात.

केसावर बारीक खवले असतात, कौलारू घराच्या छपरासारखे एकावर एक बसलेले, तोंडं टोकाकडे. कौलं जागेवर असली की केस गुळगुळीत लागतो आणि चमकतो. रंग, इस्त्री, सोड्याचा साबण, खसाखसा पुसणं यांनी कौलं उचकटतात, मग काही उडून जातात. उडालेलं कौल कुठलंही तेल परत बसवत नाही. तेल दोनच गोष्टी करतं. केसाला बुळबुळीतपणा देऊन घर्षण कमी करतं आणि धुताना केसात शिरणारं पाणी थोडं अडवतं. ओला केस फुगतो, वाळला की आकसतो, आणि दर धुण्याला हे होत राहिलं की कमकुवत होतो. ते फुगणं कमी झालं तर पुढची पडझड मंदावते. "केस दुरुस्त होतात" हे जाहिरातीतलं वाक्य विसरून पडझड मंदावण्यासाठी तेल लावायचं, एवढं मनाशी धरलं की निराशा होत नाही.

आता परीक्षा. एक केस दोन बोटांत धरा आणि टोकाकडून मुळाकडे बोटं सरकवा. कौलांच्या उलट दिशेने जात असल्यामुळे थोडं अडखळल्यासारखं वाटणारच, पण करवतीसारखं खरखरीत लागलं तर नुकसान बरंच आहे. दुसरी परीक्षा फणीची. केस धुतल्यावर विंचरा आणि फणीत अडकलेले केस पांढऱ्या ताटलीत पसरा. ज्या केसाच्या एका टोकाला टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान पांढरट गाठ दिसते, तो मुळापासून गळलेला. गाठ नाही आणि लांबीही तोकडी, तो मधूनच तुटलेला. हा फरक फार कामाचा आहे. दिवसाला 50 ते 100 केस गळणं नेहमीचंच असतं. ताटलीत तोकडे तुकडे जास्त असतील तर हे तेल तुमच्या कामाचं. गाठवाले केस पुंजक्याने येत असतील तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे पुढे येते.

पाण्याच्या पेल्यात केस टाकून तो बुडतो की तरंगतो हे बघायची एक परीक्षा सगळीकडे फिरते. केसाला लागलेल्या तेलाने किंवा कंडिशनरनेही तिचं उत्तर बदलतं. सोडून द्या.

कोणी या वाटेला जाऊ नये

डोक्यात पिवळट, चिकट कोंडा असेल आणि खाज सुटत असेल तर टाळूला तेल लावू नका. त्या कोंड्यामागे मॅलासेझिया नावाची बुरशी असते आणि तेलातली स्निग्ध आम्लं हेच तिचं खाणं. "कोंडा झालाय, तेल लाव" हा घरोघरचा सल्ला इथे उलटा पडतो. टाळूवर फोड, पू, जखम असेल तरी नको. कपाळावर मुरमं येणाऱ्यांनी तेल केसांच्या खालच्या निम्म्या भागापुरतंच ठेवावं.

ताप, डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण किंवा मोठं ऑपरेशन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळायला लागतात. बहुतेकांचे ते आपोआप परत येतात. त्या काळात जे तेल हाताशी असेल त्याला श्रेय मिळून जातं, ही गोष्ट वेगळी. चाई पडली असेल, म्हणजे रुपयाएवढा गोल चट्टा गुळगुळीत झाला असेल, किंवा गळणं महिनोन्‌महिने थांबत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. थायरॉइड आणि रक्तातलं लोह तपासून घ्यावं लागतं. ते दुखणं तेलाच्या बाटलीने बरं होत नाही.

मूळ तेल: अर्धी लढाई इथेच

कोकणात खोबरेल, देशावर तीळ किंवा करडई, विदर्भात जवस. ज्याच्या शिवारात जे पिकतं ते डोक्याला लागतं. कोरड्या, तुटणाऱ्या केसांसाठी मात्र माझं मत खोबरेलाला, आणि ते कोकणच्या अभिमानापोटी नाही. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ, त्यामुळे तो केसाच्या आत शिरू शकतो. 2003 साली मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातल्या दोघांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातली प्रथिनं निघून जाण्याचं प्रमाण तिघांपैकी खोबरेलानेच कमी केलं, धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. कंपनी खोबरेल विकणारी आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचायचं. पण रेणूच्या आकाराचं कारण पटण्यासारखं आहे.

खोबरेलाची अडचण थंडीत. साधारण 24-25 अंशांखाली ते थिजतं. पुण्या-नाशकात डिसेंबरात बाटलीतून निघत नाही, लंडन-टोरांटोला तर वर्षातले बरेच महिने. त्यासाठी मी तीन भाग खोबरेल आणि एक भाग तिळाचं तेल घेते. घाण्याचं मिळालं तर उत्तम. मात्र घाण्यावरून आणलेलं तेल दोन दिवस स्थिर ठेवून वरचं निवळ घ्या, तळाचा गाळ कढवताना करपतो.

माका ओळखणं

माका म्हणजेच भृंगराज. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत शेताच्या बांधाला, पाटाच्या कडेला, जिथे ओल असेल तिथे उगवतो. पानं समोरासमोर, निमुळती, हाताला खरखरीत. फूल पांढरं, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. ओळखायची खरी खूण एकच: देठ मोडून बोटांवर चोळा. थोड्याच वेळात रस काळपट पडतो आणि बोटं रंगतात. सोसायट्यांच्या बागांत जमिनीवर पसरणारी, पिवळ्या फुलांची, चकचकीत पानांची वेल लावलेली असते. तिला कित्येक जण माका समजून तोडून नेतात. ती वेल वेगळी.

ब्राह्मीचाही असाच गोंधळ. आपल्याकडे बाजारात ब्राह्मी म्हणून जी गोल, कंगोरेदार पानांची जुडी मिळते, ती बहुतेक वेळा मंडूकपर्णी असते. खरी ब्राह्मी, म्हणजे नीरब्राह्मी, बारीक जाडसर पानांची. तेलात कोणतीही घातली तरी आकाश कोसळत नाही, पण यादीत नाव वाचून पैसे मोजताना माहीत असलेलं बरं.

माझं प्रमाण असं: मूळ तेल 500 मिली. माक्याचा रस 500 मिली. कल्कासाठी, म्हणजे वाटलेल्या गोळ्यासाठी, आवळ्याची पूड दोन मोठे चमचे, जास्वंदीची सात-आठ पानं, मूठभर कढीपत्ता आणि एक छोटा चमचा मेथी रात्रभर भिजवून. सगळं मिळून 60 ग्रॅमच्या आसपास. वासासाठी वाळ्याची चिमूटभर मुळं किंवा थोडा गव्हला कचोरा, उटण्यात घालतो तोच.

आयुर्वेदात तेल सिद्ध करायचं जुनं प्रमाण कल्क एक भाग, तेल चार भाग आणि द्रव सोळा भाग असं आहे. म्हणजे अर्ध्या लिटर तेलाला दोन लिटर द्रव. शहरात दोन लिटर माक्याचा रस कुठून आणणार? माझं तेल त्या मानाने पातळच, हे मान्य. आणि दहा-पंधरा वनस्पती कोंबायच्या भानगडीत मी पडत नाही. पुरळ उठलं तर पंधरातली कोणती नडली हे कसं शोधणार?

कापूर घालू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. कापूर तान्ह्यांना आणि फिट येणाऱ्यांना धोक्याचा आहे. लिंबाचा रस तेलात मिसळत नाही, तो उडून तरी जातो नाहीतर तळाशी राहून तेल नासवतो. कांद्याचं तेल मी एकदा केलं होतं. चार दिवस घरात कोणी माझ्याशेजारी बसलं नाही.

ओला माका मिळत नसेल तर काष्ठौषधींच्या दुकानातून सुका आणा. 100 ग्रॅम सुका माका 1600 मिली पाण्यात रात्रभर भिजवा आणि दुसऱ्या दिवशी मंद आचेवर 400 मिली उरेपर्यंत आटवा. गाळून रसाच्या जागी हा काढा वापरा. परदेशातल्यांना हाच रस्ता सोपा.

कढवणं

माक्याची जुडी मुळं काढून, तीन पाण्यांतून धुऊन, फडक्यावर तासभर पसरून ठेवा. मग चिरून, अगदी थोडं पाणी घालून मिक्सरमधून काढा आणि फडक्यातून पिळा. रस आधी हिरवागार असतो, बघता बघता काळपट होतो. पांढरा ओटा असेल तर खाली जुना वर्तमानपत्राचा कागद घाला. ओट्यावरचा डाग घासूनही पटकन निघत नाही.

कढई जाड बुडाची हवी. लोखंडी असली तर तेल काळंभोर होतं, कारण आवळ्यातला तुरट अंश लोखंडाशी मिळून काळा रंग देतो. दिसायला छान, पण त्याने पांढरा केस काळा होत नाही, उशीचा अभ्रा होतो. जाड स्टीलची कढईही चालेल. एक लिटर माल असेल तर कढई तीन लिटरची घ्या. पहिल्या वेळी मी दीड लिटरच्या पातेल्यात बसवलं होतं. शेवटी शेवटी फेस एकदम चढला, काठावरून उतरला आणि गॅसच्या ज्योतीने भपकन पेट घेतला. गॅस बंद करून पातेल्यावर झाकण टाकलं म्हणून निभावलं. पेटलेल्या तेलावर पाणी कधीही ओतू नका. मुलांना त्या दोन तासांत स्वयंपाकघरात येऊ देऊ नका.

तेल कोमट असतानाच कल्क घाला, मग रस हळूहळू ओता. तापलेल्या तेलात रस ओतला तर सगळं अंगावर उडतं. आच मंद, आणि मधून मधून तळापासून ढवळत राहायचं.

पुढचे दीड-दोन तास कानाचं काम आहे. आधी मोठे बुडबुडे फुटतात, रटरट असा जड आवाज, पिठलं शिजावं तसा. या वेळी तेलाचं तापमान 100 अंशांच्या आसपासच राहतं, कारण उष्णता पाणी उडवण्यात खर्ची पडते. इथे घाई केली तरी फारसं बिघडत नाही. मग आवाज बारीक होतो, चरचर. बुडबुडे लहान होतात आणि वर पांढरट फेस धरतो. आता पाणी संपत आलेलं असतं, आणि ते संपलं की तापमान झपाट्याने वर चढतं. सगळं बिघडतं ते या शेवटच्या दहा मिनिटांत. आत्याला फोन लावून मी विचारलं होतं, "किती मिनिटं ठेवू?" ती म्हणाली, "अगो, मिनिटं कसली मोजतेस? तेल बोलायचं थांबलं की उतरव." मी मोबाइलमध्ये पंधरा मिनिटांचा गजर लावला आणि बाहेर जाऊन बसले. आले तेव्हा कल्क कोळसा झाला होता आणि घरभर करपलेल्या फोडणीचा वास.

तेव्हापासून तीन गोष्टी बघते. आवाज जवळजवळ थांबलेला असतो. चमच्यावर थोडा कल्क काढून, निववून, अंगठा आणि तर्जनीमध्ये वळला की त्याची वात होते आणि ती बोटांना चिकटत नाही. चिखलासारखा चिकटला तर कच्चा, वाळूसारखा फुटला तर करपला. आणि तिसरी, कापसाची वात त्या तेलात भिजवून कढईपासून लांब, बाहेर गॅलरीत पेटवायची. तडतडली तर आत पाणी आहे, शांत जळली तर तेल झालं. फेस वर येणं, वात वळणं आणि वात न तडतडता जळणं या तिन्ही खुणा आयुर्वेदातल्याच आहेत. आत्याला ते ठाऊक नव्हतं, तिला तिच्या आजीने दाखवलं होतं.

खुणा पटल्या की लगेच उतरवा. कढई आतून तापलेली असते, त्यामुळे उतरवल्यावरही पाच मिनिटं पाक पुढे चालूच राहतो. म्हणून मी वात नुकती वळायला लागली की गॅस बंद करते. कोमट झाल्यावर दुहेरी मलमलीतून गाळा. शेवटचा थेंब काढायच्या हौसेने पोटली पिळू नका, पिळलं की ओलसर गाळ तेलात उतरतो. 500 मिलीतले 50 ते 70 मिली कल्कातच राहतात, राहू द्या.

गाळलेलं तेल पारदर्शक काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी वेगळा, गडद थर हलताना दिसला तर ते पाणी आहे. वरचं तेल अलगद ओतून घेऊन पुन्हा दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा. पाणी राहिलेलं तेल महिन्याभरात खवट होतं किंवा त्यावर बुरशी धरते.

लावण्याआधी एक दिवस

कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून 24 तास, जमलं तर 48 तास थांबा. लाली, खाज, पुरळ काही आलं तर तेल दाराच्या बिजागरीला. घरचं आहे, वनस्पतींचं आहे, म्हणून सगळ्यांना सोसेलच असं नाही.

लावायचं कसं

केस कोरडे असताना, धुण्याआधी. खांद्यापर्यंतच्या केसांना एक ते दोन छोटे चमचे, कमरेपर्यंतच्या केसांना तीन. यापेक्षा जास्त तेल केस शोषत नाही, आणि ते काढायला शाम्पू मात्र जास्त लागतो. त्या जादा शाम्पूने तेलाने केलेलं काम धुऊन जातं.

केसांचे चार ते सहा भाग करा. तळहातावर थोडं तेल घेऊन दोन्ही तळवे एकमेकांवर चोळा. सुरुवात टोकांपासून. पहिली पाच-सहा बोटं लांबी आधी, मग मधला भाग, आणि हाताला जे उरेल ते टाळूकडे. म्हणजे आपण आजवर करत आलो त्याच्या बरोबर उलट. बटेवरून तळवे वरून खाली सरकवायचे, कौलांच्या दिशेने. दोन हातांत घेऊन दोरी वळल्यासारखं चोळायचं नाही. आमच्या लहानपणी शनिवारी रात्री जे डोकं रगडलं जायचं, त्यात झोप छान लागायची हे खरं, पण त्याने केसांच्या गाठीच व्हायच्या.

मग रुंद दातांच्या फणीने खालून वर गुंता सोडवा आणि सैल वेणी घाला. घट्ट आंबाडा नको. एक-दोन तास पुरतात. रात्रभर ठेवायचं तर उशीवर जुना पंचा टाका. तेल लावलेल्या केसांवर ड्रायर किंवा सरळ करायची इस्त्री कधीही फिरवू नका. त्या इस्त्रीच्या पट्ट्या 180 अंशांच्याही वर तापतात, केस अक्षरशः तळला जातो.

धुणं: इथेच बहुतेकांचं तेल वाया जातं

तेल काढायच्या नादात आपण केस साबणाच्या कपड्यासारखे घासतो. त्यापेक्षा पाणी घालण्याआधीच तेलकट लांबीवर थोडा कंडिशनर चोपडा आणि पाच मिनिटं थांबा. मग पाणी. शाम्पू फक्त टाळूला, तोही तळहातावर पाण्यात कालवून. फेस खाली उतरतो, तेवढाच लांबीला बास. शेवटी पुन्हा कंडिशनर. अंगाचा साबण केसांना नको. तो अल्कधर्मी असतो, त्याने कौलं उघडतात, आणि बोअरच्या जड पाण्यात तर त्याचा पांढरट साका केसांवर बसतो. शिकेकाई वापरत असाल तर उकळून, कपड्यातून गाळून घ्या. भरड पूड ओल्या केसांवर चोळणं म्हणजे त्यांना वाळूने घासणंच.

आणि ते पंच्याने केस झटकणं! वाकून, केस पुढे घेऊन, पंच्याने फटाफट. गॅलऱ्यांमधून ऐकू येणारा तो आवाज मला फार आवडतो, पण ओला केस सगळ्यात नाजूक असतो आणि असाच तुटतो. जुन्या सुती पंच्यात केस दाबून पाणी टिपा आणि सोडून द्या. बाथरूमची फरशी लगेच पुसा, तेलकट फरशीवर आमच्याकडे एकदा मनगट मोडलं आहे.

वाळत आलेल्या टोकांना दोन थेंब तेल बोटांनी लावलं की पुरे.

सहा आठवडे, अर्धं डोकं

नवीन तेल आणलं की आपण त्याच आठवड्यात शाम्पू बदलतो, भिजवलेले बदाम सुरू करतो, केसही कापून घेतो. मग बरं वाटलं तर नेमकं कशाने? म्हणून मी एक खटाटोप केला. मधोमध भांग पाडला आणि सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, फक्त डाव्या बाजूला तेल लावलं. शाम्पू, कंडिशनर, फणी दोन्हीकडे तेच. घरात चेष्टा झाली, झाली तर झाली.

दर धुण्यानंतर दोन्ही बाजूंचे तुटके तुकडे दोन ताटल्यांत मोजायचे, गाठवाले केस मोजायचे नाहीत. तिसऱ्या आठवड्यापासून डाव्या ताटलीत तुकडे कमी दिसायला लागले. सहाव्या आठवड्याला दोन बाजूंमधला फरक बोटांनाही कळत होता: डावीकडे फणी सरळ उतरायची, उजवीकडे अडकायची. फाटलेली टोकं मात्र दोन्हीकडे फाटलेलीच. ती शेवटी दोन इंच कापून टाकली.

मग मी दुसरी फेरी केली, आणि तिचा निकाल माक्याच्या बाजूने नाही. डावीकडे माक्याचं तेल, उजवीकडे नुसतं खोबरेल-तिळाचं मिश्रण, पुन्हा सहा आठवडे. केसांच्या कोरडेपणात किंवा तुटण्यात मला दोन बाजूंमध्ये काहीही फरक सापडला नाही. म्हणजे कोरडेपणावर काम केलं ते मुख्यतः मूळ तेलाने आणि लावण्या-धुण्याच्या पद्धतीने. माक्याने केस वाढतात म्हणतात, उंदरांवर तसे प्रयोगही झाले आहेत, पण तेवढ्यावर माणसांबद्दल छातीठोक बोलता येत नाही. मी अजूनही माका घालते, वास आवडतो म्हणून आणि आत्याला फोन करायला निमित्त होतं म्हणून. ज्याला दोन तास कढईपाशी उभं राहायचा कंटाळा आहे, त्याने खुशाल साधं खोबरेल घ्यावं, फक्त ते टोकांना लावावं.

विकतचं घेणार असाल तर

पुढचं चित्र बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. आवळ्याचं, बदामाचं, माक्याचं म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच तेलांत पहिलं नाव लाइट लिक्विड पॅराफिन किंवा मिनरल ऑइल असतं. ते विष नाही, केस बुळबुळीतही करतं, पण आत शिरत नाही. त्याला खोबरेलाची किंमत मोजायची का, एवढाच प्रश्न. आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना असेल तर दर 10 मिलीत कोणती वनस्पती किती, हे सहसा छापलेलं असतं. तिथले आकडे वाचले की नावातला भृंगराज बाटलीत किती उतरलाय ते कळतं. आणि नवे केस उगवतील असं लिहिलं असेल तर बाटली परत फळीवर ठेवा. ज्या गोष्टींवर औषधाने दावा करायला बंदी आहे, त्यांची "शेड्युल जे" नावाची यादी आपल्या औषधांच्या नियमांत आहे. टक्कल, अकाली पांढरे होणारे केस आणि नव्याने केस उगवणं हे तिन्ही त्या यादीत आहे.

घरचं तेल काचेच्या गडद बाटलीत, उन्हापासून लांब ठेवा. ओला हात, ओला चमचा आत नको. रोजच्यासाठी छोट्या बाटलीत काढून घ्या. बाटलीवर कढवल्याची तारीख लिहा, कारण तीन महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. मी एका वेळी तीन-चार महिन्यांपुरतंच करते. मध्येच उघडून वास घ्यायचा. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट आला तर केसांना नको, बिजागऱ्यांची बारी असतेच.